पाठीवरचे अकरा काटे

"ताई, आता तोंड उघड की! कुठला हाय मासा?" माझा धाकटा भाऊ रंगनाथ तिसऱ्यांदा विचारत होता. मी मासा ओल्या फडक्यात धरून भिंगातून बघत होते आणि मला रंगाच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. प्राणिशास्त्र शिकवणारी सख्खी बहीण श्रीरामपुरात असताना ह्या शहाण्यानं दुकानदाराच्या शब्दावर शेवाळ खाणारे चिलखती मासे घेतले आणि कोल्हारच्या आमच्या शेततळ्यात सोडून मोकळा झाला! वर मलाच फोन, "पंकाताई, लई भारी वाढत्यात गं!"

वाढतायत, हेच तर वाईट होतं. दुकानदारानं नाव सांगितलं होतं ओटोसिंक्लस. ती प्रजाती बोटाएवढीच राहते, शेवाळ चाटते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण अंगावर तसंच हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत आणि तसंच चिकटणारं तोंड असलेला दुसराही एक मासा आहे, सकर. पिल्लं असताना पटकन ओळखू येत नाहीत. सकर हातभर वाढतो, इतर माशांची अंडी फस्त करतो, आणि एकदा नदीत शिरला की कुणाच्या बापाच्यानं निघत नाही. आमच्या तळ्याचा सांडवा ओढ्यात जातो, ओढा प्रवरेत. पाऊस तोंडावर आला होता.

पाठीवरच्या पराचे काटे मोजले की प्रजाती कळते. ओटोचे सातच्या आसपास, सकरचे दहाच्या वर. देवा, सात निघू दे, मी मनात म्हणत होते. शास्त्र शिकवणारी बाई, पण नवस बोलले. निघाले अकरा. दुसरा मासा घेतला, बारा. तिसरा पुन्हा अकरा.

"सकर आहे, रंगा. तळं रिकामं करावं लागेल."

"आन् माझी बोटुकली?" रोहू-कटल्याची पिल्लं त्यानं नुकतीच सोडली होती. "ती गाळून काढू की येगळी!"

"कुठं ठेवशील? हौदात सडतील. अन् त्यांच्यात एक जरी सकर राहिला, तर पुन्हा हाच तमाशा."

"तुझं काय जातंय गं!" तो केवढ्यानं तरी ओरडला. मग मटकन खाली बसला. शेवटी उठला, मोटारीच्या तोंडाला बारीक जाळी बांधली आणि पाणी उसाला सोडलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दुपारपर्यंत तळाचा चिखल उघडा पडला. बोटुकली उलटी पडून मेली. काठावर आमची आई, मालनबाई, कपाळ बडवत होती, "पोराचं वाटुळं केलंस गं, पंके!" सकर मात्र चिखलात वळवळत होते. ते पाण्याबाहेरही तासन्‌तास जगतात. "पडू दे उन्हात," मी म्हटलं आणि सगळे पुरायला खड्डा घ्यायला आम्ही दोघं बांधापलीकडं गेलो.

मी टोपलं घ्यायला परत आले, तर चिखलात काहीच हलत नव्हतं. सकर एकही नव्हता. नदीकडून आई येत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, हातात रिकामी बादली.

"बाकीची गेली गं," ती म्हणाली, "पन ह्ये बिचारे जिते हुते. एकेक येचला आन् प्रवरामाईत सोडून आले. मुका जीव, तडफडू कसा द्यायचा?" सकाळपासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर समाधान होतं. "तेवढंच माझ्या लेकाच्या तळ्यातलं कायतरी जगलं."

मागून रंगा आला; आईचं बोलणं त्यानं ऐकलंच नव्हतं. कपाळाचा घाम पुसत त्यानं फावडं खाली टाकलं. सकाळपासून पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला.

"जाऊ दे, ताई. माझं गेलं ते गेलं. नदी तर वाचली न्हवं?"

मी आईचा पदर धरला आणि मोठ्यानं रडायला लागले.