सासूबाई ऐकत नसतील तर

“‘पाहुण्यांना दाखवण्यासाठी रिकामी घरघंटी चालू करू नये. जाळी तुटते, व पाहुणेही घाबरतात,’” स्नेहलने मोठ्याने वाचलं आणि ऑफिसातल्या चौघांनी हसून हसून टेबलावर डोकी टेकली. दारात हत्यारांची पिशवी घेऊन उभे असलेले यादवनाना मात्र गंभीरपणे मान डोलावत होते. सूचना बरोबर होती. त्यांनीच लिहिली होती.

जळगावच्या एमआयडीसीतला हा कारखाना घरघंट्या बनवी, म्हणजे घरच्या घरी दळायच्या विजेवरच्या छोट्या गिरण्या. यादव सपकाळे तिथले सर्व्हिसचे मेकॅनिक. अठरा वर्षांपूर्वी मालक रतिलालशेठ त्यांना सहज म्हणाले होते, “नाना, घरोघरी तुम्ही फिरता, माहितीपत्रक तुम्हीच लिहा.” शेठ बोलून विसरले, नानांनी ते मनावर घेतलं. ज्या घरात जे बिघडलं ते पुढच्या छपाईत आलं. अशा एकतीस सूचना झाल्या होत्या आणि सगळ्यात खाली नानांचाच मोबाईल नंबर होता. आता कुणीतरी त्या पत्रकाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला होता आणि ओळखीपाळखीचे सगळे त्यावर हसत होते.

“नाना, खरं सांगा, यात हसण्यासारखं काही आहे असं तुम्हाला वाटतच नाही?” स्नेहलने विचारलं. ती मूळची चाळीसगावची, इंजिनिअर झालेली. कारखान्यात येऊन तिला सहा महिने झाले होते.

“कुठं?”

“हे बघा. एकोणीस नंबर. ‘मांजर पिठाच्या डब्यात झोपते. डबा उघडून पाहावा. मांजर असल्यास आधी मांजर काढावे.’”

“मग काय मॅडम, दळून झाल्यावर काढायचं?”

पुन्हा हशा झाला. स्नेहलने डोळे पुसले आणि जरा मऊ आवाजात मुद्द्यावर आली. तिने नवीन पत्रक तयार केलं होतं. बारा सूचना, सुबक चित्रं, खाली कंपनीचा टोल-फ्री नंबर. धुळ्याकडे जाणाऱ्या खोक्यांत दोन महिने तेच घालत होते आणि अजून एकही तक्रार नव्हती. पुढच्या महिन्यापासून सगळीकडे तेच जाणार होतं.

नाना बरं म्हणाले. महिनाअखेरीला ते निवृत्तच होणार होते. लोक हसतात याचं त्यांना काही नव्हतं, हसू देत बापडे. पण ते पत्रकच जाणार, हे मात्र त्यांना लागलं. फोटोत यावं, पेपरात नाव यावं असं आयुष्यात त्यांनी काही केलं नव्हतं. जे केलं ते त्या एका कागदावर होतं. तो तरी राहावा, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती बोलून दाखवायची त्यांना लाज वाटत होती.

आठवड्याभरात धुळ्याच्या अलीकडच्या एका गावातून तक्रार आली. दोन महिन्यांत घरघंटीची जाळी गंजली, माल खराब आहे, बदलून द्या. शेठनी स्नेहललाच जायला सांगितलं, सोबत नाना.

घरात सून भूमिका होती आणि तिची सासू पार्वताबाई. पार्वताबाईंनी पाणी दिलं ते खरं, पण तोंडाचा पट्टा त्याआधीच सुरू झाला होता.

“हाई काय यंत्र शे? दोन महिनामा बठ्ठं गंजी गयं.”

नानांनी झाकण उघडलं. आतल्या पत्र्यावरचा पांढरट थर बोटाने खरवडला आणि जिभेला लावला.

“अक्का, कळणा दळता ना यात?”

“दळस ना. कळणानी भाकर नही खाई ते काय खावानं?”

“आणि मीठ?”

“ते त्यामाच. मनी सासू जवारी, उडीद नि खडेमीठ संगेच दळे. मी बी तसंच टाकस.”

स्नेहलने पर्समधून नवीन पत्रक काढलं. “मावशी, सहावी सूचना आहे बघा. ‘यंत्र क्षारयुक्त पदार्थांपासून दूर ठेवावे.’”

“वाचलं होतं मॅडम,” भूमिका म्हणाली. “आम्हाला वाटलं, साबण-सोड्याजवळ ठेवू नका म्हणताहेत. म्हणून मोरीपासून लांब ठेवली.”

स्नेहलने पत्रकाची घडी घातली. नाना खाली मांडी घालून बसले.

“अक्का, जातं दगडाचं होतं, त्याला मिठाचं काय? हे लोखंड आहे. मीठ ओल धरतं आणि लोखंड खातं. तुम्ही कोमट पाण्यात मीठ विरघळवा आणि त्या पाण्यात पीठ मळा.”

“चव नही येत.”

“करून बघा. नाही आली तर मी हार मानली.”

पार्वताबाई हरणाऱ्यातल्या नव्हत्या. शेजारणीकडून बिनमिठाच्या कळण्याचं पीठ आलं, तवा चढला, आणि घरातल्या पिठाची एक भाकरी अन् नव्या पद्धतीची एक अशा दोन भाकऱ्या ताटात पडल्या. एकीचा तुकडा, दुसरीचा तुकडा, पुन्हा पहिलीचा. त्या इतक्या सावकाश चावत होत्या की स्नेहलला परीक्षेच्या निकालाची वाट बघत बसल्यासारखं झालं.

“बरी शे,” शेवटी त्या म्हणाल्या. मग नानांकडे बघून, “पन हाई माले आधी कोन्ही कसाले नही सांगं?”

स्नेहलने मोबाईलमध्ये जुन्या पत्रकाचा तो फोटो उघडला आणि अकरावी सूचना वाचली. “‘कळण्याचे मीठ घरघंटीत टाकू नये. पीठ मळताना टाकावे. सासूबाई ऐकत नसतील तर खालील नंबरवर त्यांना बोलायला द्यावे. रागावू नये.’”

या वेळी ती हसली नाही. भूमिका म्हणाली, “हे असतं तर मी त्याच दिवशी फोन लावून दिला असता. माझ्या तोंडून पटतं का यांना?”

“रागावू नये, असं बी लिखेल शे?” पार्वताबाईंनी विचारलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. नानांनी जाळी बदलली, आतला पत्रा घासून पुसला. निघताना पार्वताबाईंनी दोघांना उरलेली भाकरी आणि ठेचा बांधून दिला.

परतीच्या वाटेवर पारोळ्याच्या पुढे स्नेहल म्हणाली, “नाना, तुमचंच छापू. एकतीसच्या एकतीस. तुमचा शब्द न् शब्द.” मग थोडी अडखळली. “फक्त तो नंबर...”

“नंबर बदलाच, मॅडम. मी आता घरी बसणार. सासूशी बोलायला नोकरीवरचा माणूस पाहिजे.”

बोलायला ते सोपं गेलं. नंतर जळगाव येईपर्यंत ते खिडकीबाहेरच बघत होते. अठरा वर्षांत किती सासवांशी बोलणं झालं असेल त्याचा हिशेब नव्हता. काही जणी तर आखाजीच्या सणाला नुसतं विचारायलाही फोन करत, “भाऊ, बरे आहात ना?”

शेवटच्या दिवशी हार झाला, पेढे झाले, शेठ दोन शब्द बोलताना तीनदा अडले. स्नेहलने छापखान्यातून नुकतंच आलेलं पत्रक नानांच्या हातात ठेवलं. कागद जाड होता, अक्षर मोठं होतं.

संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी ते बायकोला, बेबाबाईंना वाचून दाखवलं. घरघंटी देवघरात ठेवू नये, दळताना देव हलतात. बेबाबाई खुदकन हसल्या. टीव्हीखाली ठेवू नये, ठेवल्यास मालिका लागली असताना दळू नये. बेबाबाईंना ठसका लागला. मांजरापर्यंत आले आणि नानांना आपलाच आवाज ऐकू आला, दुसऱ्याच कुणाचं तरी वाचल्यासारखा. ते थांबले. मग त्यांनाही हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“एवढं सगळं तुम्ही लिहिलं?” बेबाबाईंनी विचारलं.

“हो ना.”

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. पत्रकाच्या तळाशी टोल-फ्री नंबर होता. जुनी पत्रकं अजून हजारो घरांत होती, फोन तर येणारच. कुणी विचारलं तर सांगता यायला हवा, म्हणून नाना तो नंबर पाठ करू लागले.