डाव्या हाताचा घास

"दादा, आधी एक सांगा, मुलगा केवढा आहे?"

प्रश्न टाकून चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती आणि फोनवर हे हजर. शांताराम बिवलकरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. दुपारचे अडीच वाजले होते. भोपाळमध्ये शाहपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत या वेळी कुत्रंही भुंकत नाही. एका बोटाने एकेक अक्षर दाबत त्यांनी लिहिलं, 'पाच वर्षांचा.' मग जरा थांबून, चोख उत्तर द्यावं म्हणून, पुढे जोडलं, 'पाच वर्षं दोन महिने.'

आता गंमत बघा. बिवलकरांचं स्वतःचं वय होतं एकोणसत्तर. ज्या मुलाबद्दल ते विचारत होते तो प्रतीक सदतीस वर्षांचा होऊन पुण्यात नोकरी करत होता आणि त्याला स्वतःलाच पाच वर्षांचा मुलगा होता. पण प्रश्न अगदी खरा होता, विचारायला तेवढा बत्तीस वर्षं उशीर झाला होता. त्यांनी लिहिलं होतं, 'माझा मुलगा डाव्या हाताने लिहितो आणि जेवतोही. सांगून ऐकत नाही. हात बांधून ठेवल्यास सवय सुटेल का? कृपया मार्गदर्शन करावे.'

ग्रुपचं नाव 'भोपाळ मराठी आईबाबा'. बिवलकर त्यात शिरले कसे, तर गणपतीत. मंडळाच्या चित्रकला स्पर्धेची प्रमाणपत्रं त्यांनी लिहून दिली होती, आणि मंडळाच्या सरोजने यादीतले सगळेच नंबर एका दमात ग्रुपमध्ये घातले. बिवलकरांच्या नावापुढे फोटो जास्वंदीचा, नाव 'एस. बिवलकर', त्यामुळे कोणाला वयाचा पत्ता लागायचं कारणच नव्हतं. पहिल्या दिवशी ते निघूनच जाणार होते. पण कोणाच्या तरी मुलीला ताप आला होता, तो उतरला की नाही ते कळेपर्यंत थांबू म्हणाले. मग कोणाचं पोर मोबाइलशिवाय घास गिळेना, कोणाचं अजून अंथरूण ओलं करी, कोणाला जंतांचं औषध केव्हा द्यायचं ते हवं होतं. कुसुम जाऊन दोन वर्षं झाली होती. दिवसभरात घरात बोलणारं माणूस म्हणजे पोळ्या करायला येणारी बाई, आणि तीही "आज कितनी बनाऊँ, बाबूजी?" एवढंच विचारून कामाला लागे. दोन महिने बिवलकर गुपचूप वाचत राहिले, आणि त्या दुपारी धीर करून बोलले.

'हात बांधणार??' रेवती नावाच्या बाईंनी लिहिलं. 'अहो दादा, पागल हो गए क्या!'

'आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, जबरदस्ती अजिबात करायची नाही,' असं कोणी विक्रांत म्हणाले.

अरेरा कॉलनीतल्या वैशालीने तर लांबलचक लिहिलं. 'दादा, टेन्शन नका घेऊ. माझा भाऊ लेफ्टी आहे, मस्त चाललंय त्याचं. जैसा लिखता है लिखने दो. आणि एक करा, एक दिवस तुम्ही स्वतः डाव्या हाताने लिहून बघा. मग कळेल त्या लेकराला कसं वाटतं ते.'

एकूण एकोणीस उत्तरं आली. 'बांधा' असं एकानेही म्हटलं नाही. बिवलकरांनी फोन जेवणाच्या टेबलावर पालथा ठेवला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले.

बत्तीस वर्षांपूर्वी त्यांना एकच उत्तर मिळालं होतं, आणि ते केशवरावांचं. एका सरकारी कचेरीत दोघे शेजारी बसत. बिवलकर साधे कारकून, पण अक्षर असं की साहेब म्हणत, "शांताराम बाबू, आप लिखते हैं या छापते हैं?" प्रमाणपत्रांवरची नावं, मानपत्रं, चार इमली वसाहतीतल्या साहेबलोकांच्या मुलींच्या लग्नपत्रिकांची पाकिटं, सगळं यांच्याकडे येई. पगार बेताचा, बढती रखडलेली. मिरवायला जे काही होतं ते त्या उजव्या हातात होतं. आणि अशा माणसाचा एकुलता एक पोरगा पाटीवर डाव्या हाताने गिरगटायला लागला! चहाच्या टपरीवर बिवलकरांनी विषय काढला, तर केशवराव म्हणाले, "त्यात काय मोठंसं? हात बांधून ठेवा. महिन्याभरात सरळ होईल. आमच्या धाकट्याला तसंच केलं." चहा संपला, विषय संपला. नोकरीपायी इतक्या लांब येऊन पडलेलं कुटुंब, आईवडील साताऱ्याला, घरात फोन नाही. आणखी विचारणार तरी कोणाला?

पांढरा हातरुमाल असे. अभ्यासाला आणि जेवायला बसलं की प्रतीकचं डावं मनगट खुर्चीच्या दांडीला बांधलं जाई. कुसुम एकदा म्हणाली, "अहो, राहू द्या ना. लहान आहे तो." "तू यात पडू नकोस," हे म्हणाले, आणि ती बिचारी पुन्हा पडली नाही. वरणभात सांडला की "सांडू नकोस" म्हणून पाठीत एक धपाटा बसे. महिन्यात नाही, पण सहा महिन्यांत पोरगा उजव्या हातावर आला. बिवलकरांनी कचेरीत पेढे वाटले.

खरं सांगायचं तर हे सगळं ते विसरूनही गेले होते. आठवण झाली ती एका रविवारी. प्रतीकचा फोन दर रविवारी अकराला येतो. "बाबा, गोळ्या घेताय ना?" "हो." "बीपी?" "ठीक." "बरं, ठेवतो मग." त्या रविवारी व्हिडिओ चालू होता आणि मागे नातू, यश, चित्र काढत बसला होता. पेन्सिल डाव्या हातात. बिवलकरांना ते दिसलं, आणि ते काही बोलणार तोच प्रतीक हळूच म्हणाला, "यश, आजोबा आहेत." पोराने पटकन पेन्सिल दुसऱ्या हातात घेतली. ओरडणं नाही, रागावणं नाही. पाहुणे आले की सदऱ्याचं बटण लावावं तितकं ते सवयीचं झालेलं होतं. म्हणजे आपला मुलगा अजून आपल्याला भितो, आणि त्याचं पोर आपल्यापासून लपवतं. त्या दिवशी बिवलकरांना जेवण गेलं नाही.

तर वैशालीचा सल्ला. बिवलकर आयुष्यभर हुकूम पाळत आलेला माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी वही काढली, पेन डाव्या हातात धरलं आणि 'प्रतीक' लिहायला घेतलं. वेलांटी भलतीकडेच गेली, 'क' आडवा पडला, खांदा भरून आला, आणि जीभ केव्हा दातांत धरली ते कळलंही नाही. लिहून झाल्यावर त्यांनी पान लांब धरून बघितलं. हे अक्षर ओळखीचं होतं. पहिलीतल्या प्रतीकच्या वहीत अगदी हेच होतं, आणि ती पानं त्यांनी टराटरा फाडली होती. बिवलकर टेबलावर डोकं टेकून रडले. बघायला कोणी नव्हतं, म्हणून मनसोक्त रडले.

मग रोज दुपारी वही निघू लागली. जेवणाचं मात्र धाडस होईना. डाव्या हाताने अन्नाला शिवायचं म्हणजे काय! तिकडे वैशाली एक दिवसाआड विचारी, 'काय म्हणतोय आमचा छोटा लेफ्टी?' हे लिहीत, 'आज मुळाक्षरं पूर्ण झाली.' खोटं काहीच नव्हतं, बिवलकरांची झाली होती. 'शाब्बास सांगा त्याला,' असं उत्तर आलं की हे एकटेच हसत. दादा म्हणवून घ्यायला बरं वाटत होतं. कोणीतरी चौकशी करतंय, आपण उत्तर देतोय, याचीच गोडी लागली होती.

दोन आठवडे असे गेले, आणि मग वैशालीने लिहिलं, 'दादा, रविवारी मुलाला तलावाजवळच्या बागेत आणा ना. माझ्या भाच्याची डावखुऱ्यांची कात्री आहे, जुनी आहे पण छान चालते. त्याला देते.'

बिवलकरांना घाम फुटला. बोलणं वेगळं. आता ती भली पोरगी त्या मुलासाठी कात्री घेऊन उन्हातून येणार, आणि मूल कुठे आहे? ते तासभर फोन हातात घेऊन बसले. मग लिहिलं, 'ताई, कात्री आणू नका. माझा मुलगा आज सदतीस वर्षांचा आहे. मी त्याचा हात बांधला होता. तेव्हा विचारायला कोणी मिळालं नाही, म्हणून आता विचारलं. सर्वांची क्षमा मागतो. शांताराम बिवलकर, वय ६९.'

मग विक्रांत म्हणाले, 'मतलब इतने दिन हमको उल्लू बना रहे थे?' रेवतीने लिहिलं, 'अहो, इथे आम्ही मुलांचे फोटो टाकतो. कोण कुठला माणूस बघत होता!' तिचंही काही चुकलं नव्हतं. संध्याकाळी सरोजचा फोन आला.

"काका, वाईट वाटून घेऊ नका हं. पण ग्रुप लहान मुलांच्या आईबाबांचा आहे. तुम्हाला काढावं लागतंय."

"हो, हो. त्यात काय, नियम तो नियम."

"पण गणपतीची प्रमाणपत्रं तुम्हीच लिहायची. ते पक्कं."

"लिहीन की," बिवलकर म्हणाले.

त्यानंतर फोन वाजायचा थांबला. वैशालीचा एक निरोप तेवढा वेगळा आला. 'काका, मला राग नाही आला. पण आम्हाला विचारून काय होणार? उसी से पूछिए ना.'

त्यालाच विचारायचं, हेच तर जमत नव्हतं! बिवलकरांनी चार वेळा कागद घेतला, वळणदार अक्षरात 'चि. प्रतीक यास अनेक आशीर्वाद' असं लिहिलं आणि चारही वेळा तिथेच थांबले. रविवारचा फोन येई, गोळ्या आणि बीपी विचारून ठेवला जाई.

डिसेंबरात प्रतीक आला. त्याच्या बायकोच्या, मंजूषाच्या, मावसबहिणीचं लग्न भोपाळलाच होतं. मंजूषा लग्नघरी अडकली, म्हणून हा यशला घेऊन एका दुपारपुरता वडिलांकडे आला. बिवलकरांनी सकाळपासून स्वतः खपून वरण, भात, बटाट्याची भाजी केली होती. टेबल तेच होतं, खुर्च्याही त्याच. प्रतीक न सांगता आपल्या जुन्या खुर्चीवर बसला.

"बाबा, कशाला एवढा खटाटोप केलात? काहीतरी मागवलं असतं."

"खटाटोप कसला? वरणभातच तर आहे."

यशने ताटाकडे डावा हात नेला. "यश," प्रतीक म्हणाला. पोराचा हात मागे गेला, उजवा पुढे आला, आणि भात बोटांतून निसटायला लागला.

बिवलकरांनी बोलायचं तयार ठेवलं होतं. 'प्रतीक, माझं चुकलं.' तीनच शब्द. आठ दिवस आरशासमोर म्हणून बघितले होते.

"प्रतीक," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"तूप वाढू का?"

"नको."

झालं. समोर पोर मुकाट्याने शितं गोळा करत होतं, आणि तासाभराने दोघं निघून जाणार होते. मग बिवलकरांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि डावा हात सरळ भातात घातला. उभ्या जन्मात तो हात ताटात गेला नव्हता. कालवता कालवता वरण ताटाबाहेर गेलं. घास तोंडापर्यंत नेला तेव्हा अर्धा सदऱ्यावर आला होता.

प्रतीकचा हात ताटातच थांबला. "बाबा, सांडतंय."

"सांडू दे," बिवलकर म्हणाले.

यश डोळे मोठे करून बघत होता. "आजोबा, तुम्हीपण लेफ्टी आहात?"

"शिकतोय रे. पण नीट जमत नाही मला. तू दाखव बरं कसं करायचं ते."

यशने बापाकडे बघितलं. प्रतीक मान खाली घालून बसला होता. थोड्या वेळाने त्याने ती मान जराशी हलवली, आणि पोराने हात बदलला.

"असं, आजोबा. बोटांवर घ्यायचं आणि अंगठ्याने ढकलायचं." त्याने घास घेतला. एक शीत सांडलं नाही.

"अस्सं होय?" बिवलकर म्हणाले. त्यांनी तसं करून बघितलं. पुन्हा सांडलं, यश खदखदून हसला, तेही हसले. हसता हसताच ते प्रतीककडे वळले.

"तूही... म्हणजे, तुला वाटत असेल तर."

"मला आता नाही येत, बाबा," प्रतीक म्हणाला. रागाने नाही. घरात साखर संपलीय असं सांगावं, तसं त्याने सांगितलं.

आणि तो उजव्या हाताने जेवत राहिला, शिकवलं होतं तसं, काही न सांडता. त्याचा डावा हात खाली खुर्चीच्या दांडीला टेकला होता, मनगट आत वळलेलं. तिथे आता काही बांधलेलं नव्हतं. बिवलकरांनी त्या हाताकडे पाहिलं, डोळे पुसले नाहीत, आणि डाव्या हाताने पुढचा घास उचलला.