गडग्यातलं सामान

गणपतीच्या बंदोबस्तात हवालदार काशीराम भुवडांचा गुडघा दुखावला तो पुन्हा धड झालाच नाही. म्हणून २००८ च्या जानेवारीत त्यांना बसायचं काम मिळालं. काम होतं ऑर्कुट वाचायचं.

रत्नागिरीच्या त्या पोलीस ठाण्यात इंटरनेट असलेला कॉम्प्युटर एकच, आणि कॉम्प्युटरची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेला हवालदारही एकच. बाकीच्यांनी ती तीन-तीन वेळा दिली होती. भुवडांनी टाइपरायटरवर वीस वर्षं फिर्यादी बडवल्या होत्या, त्यामुळे कळफलकाची त्यांना भीती नव्हती.

"भुवड, पोरं आता टपरीवर बोलत नाहीत," इनामदार साहेब म्हणाले. साहेब मूळचे सोलापूरकडचे, बदली होऊन सहा महिने झाले होते. "खबरे रिकाम्या हातानं परत येतात. जे काय चाललंय ते सगळं या ऑर्कुटच्या वेबसाइटवर. आठवड्याला मला रिपोर्ट पाहिजे."

चाललं होतं ते असं. डिसेंबरात टेनिस बॉलच्या क्रिकेट सामन्यांत एका नो-बॉलवरून वाद झाला. एका बाजूला धाकूचा 'वादळ ग्रुप', दुसऱ्या बाजूला बाबल्याचे 'खाडी किंग'. ग्रुप कसले, टोळ्याच त्या. वर्षभरात दोघांनी मिळून चार दुकानं फोडली होती आणि सहा जणांना इस्पितळ दाखवलं होतं. त्या दिवशी कोणीतरी तलवार काढली. धाकूचा मामेभाऊ सलिल मध्ये पडला आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची गेली. वार कोणी केला ते सांगायला कोणी तयार होईना. धाकू मात्र गावभर सांगत होता की हिशोब तो स्वतः पुरा करणार.

भुवडांनी खातं उघडलं. नाव दिलं 'गुहागरकर', फोटो लावला माडांचा. मग ते धाकूच्या, बाबल्याच्या, त्यांच्या दोस्तांच्या आणि दोन्ही ग्रुपांच्या पानांवर निवांत फिरून आले. दुसऱ्या दिवशी बाबल्याचाच निरोप हजर: "कोण रे तू गुहागरकर? रोज माझं प्रोफाइल बघतोस. प्रेमात पडलास काय?"

कोण येऊन गेलं ते ऑर्कुट ज्याचं त्याला दाखवतं, हे भुवडांना ठाऊकच नव्हतं. कानशिलं तापली त्यांची. अर्धा दिवस खर्ची घालून त्यांनी ते बंद करायचं बटण शोधून काढलं. घरी कुसुमला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की आमटी उतू गेली.

एक गोष्ट मात्र त्यांना खटकायची. धमक्या वाचायला बसावं तर मधेच कुणाच्या आईचं आजारपण, कुणाची नापास झाल्याची रड, कुणाचं कुणावर मन. सगळं उघड्यावर लिहिलेलं, कोणीही वाचावं असं. तरी परक्याचं पत्र फोडल्यासारखं वाटायचं. ठाण्याशी ज्याचा संबंध नाही ते रिपोर्टात घ्यायचं नाही, असं त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं.

फेब्रुवारीच्या एका गुरुवारी धाकूच्या पानावर त्याच्या एका मित्राची ओळ आली. पोरं मराठीच लिहायची, पण इंग्रजी अक्षरांत. भुवडांनी ती कागदावर जशीच्या तशी उतरवून साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी मोठ्याने वाचलं.

"रविवारी चारला साड्यावर. बाबल्याला निरोप गेला. सामान आप्पाच्या गाडग्यात." ते ताडकन उठले. "साड्या! स्टँडसमोरचं साड्यांचं दुकान, तिथंच राडा करणार. आणि आप्पा नावाचा कुंभार कोण आहे शोधा. गाडग्यात हत्यारं लपवलीत."

भुवडांनी खाली मान घालून हसू आवरलं. "साहेब, ते साड्यावर नाही, सड्यावर. वरचा कातळाचा माळ, त्याला आम्ही सडा म्हणतो. आणि गाडगं नाही, गडगा. बागेभोवती दगडावर दगड रचून कुंपण घालतात ना, तो."

साहेबांनी कागद पुन्हा पाहिला. "अक्षरं तर तीच आहेत."

"तीच आहेत साहेब. पण गाव वेगळा आहे."

"मग हा आप्पा?"

आप्पा कोण ते भुवडांना शोधावं लागलं नाही. दोनच दिवसांपूर्वी आप्पा ठाण्यात येऊन तावातावाने भांडून गेले होते. सड्यावरच्या त्यांच्या आंबा कलमांच्या बागेत गडग्याचे दगड कोणीतरी उपसून पुन्हा वेडेवाकडे लावले होते. अशा तक्रारीला कोण विचारतो? ठाणे अंमलदाराने त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं.

शुक्रवारी सकाळी जीप सड्यावर गेली. आप्पा पुढे, हातात काठी. "हा बघा, हा दगड माझा नव्हे. माझ्या बापाने लावलेला दगड असा बसत नाही," असं म्हणत त्यांनी बोट दाखवलं तिथेच पोत्यात गुंडाळलेलं सामान निघालं. चार तलवारी, सहा हॉकी स्टिका, सायकलच्या चेन.

"आता पोतं परत ठेवू," साहेब म्हणाले. "रविवारी दबा धरून बसू. काढायला आले की रंगेहाथ."

भुवडांनी हातातली तलवार पोत्यावर ठेवली. मग म्हणाले, "साहेब, बाबल्याची पोरंही हात हलवत यायची नाहीत. जीप काजूच्या झाडांमागून बाहेर पडेपर्यंत एखाद्याचा हात गेलेला असेल. सलिलसारखा."

"मग काय करायचं म्हणता?"

भुवडांनी सांगितलं. साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. नोकरीच्या अठरा वर्षांत असलं काही त्यांनी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "करा. पण रविवारी जीप येणार आणि मीही येणार."

त्या दुपारी भुवडांनी माडांचा फोटो काढला आणि स्वतःचा लावला, वर्दीतला. 'गुहागरकर' खोडून नाव घातलं काशीराम भुवड, पोलीस हवालदार. मग दोन्ही ग्रुपांच्या पानांवर लिहिलं: "आप्पांच्या गडग्यात सापडलेलं सामान पोलीस ठाण्यात सुखरूप आहे. ज्याचं असेल त्याने ओळख पटवून घेऊन जावं. रविवारी चारला मी सड्यावर येतोच आहे. बोलायचं असेल त्याने यावं."

संध्याकाळपर्यंत दोन्ही पानांवर चिडीचूप. शनिवारी पंधरा-वीस पोरांनी आपली नावंच ग्रुपांतून काढून टाकली.

रविवारी चारला सड्यावर वारा भणाणत होता. जीप काजूंच्या आडोशाला होती. भुवड एका दगडावर पाय लांब करून बसले. आधी बाबल्या आला, मोटरसायकलवर, मागे एकच जण. वर्दी बघून तो लांबच थांबला, मग हळूहळू पुढे आला.

"तुम्हीच काय ते गुहागरकर?" त्याने विचारलं.

"मीच. प्रेमात नाही हो पडलो."

बाबल्या ओशाळला. एवढ्यात पायवाटेने धाकू वर आला. एकटा, रिकाम्या हाताने. बाबल्याला बघताच त्याच्या मुठी वळल्या.

"धाकू, वायच बस," भुवड म्हणाले. "कोणासाठी चाललंय हे सगळं?"

"सलिलसाठी. त्याची बोटं गेली काका. लग्न व्हायचंय त्याचं."

"त्याने सांगितलं तुला, बदला घे म्हणून?"

"सांगायला कशाला पाहिजे?"

"ऑर्कुटवर रोज किती वेळ असतोस?"

"तीन-चार तास."

"सलिलचं पान कधी उघडलंस शेवटचं?"

धाकूला आठवेना. डिसेंबरपासून त्याने फक्त बाबल्याचं आणि आपल्या ग्रुपचं पान उघडलं होतं.

"मी उघडतो रोज," भुवड म्हणाले. "मला वाचावं लागतं. तो मुंबईच्या मित्राला काय लिहितो ते मी तुला सांगणार नाही, ते माझं काम नव्हे. तू वाच. नाहीतर घरी जाऊन त्यालाच विचार."

धाकूच्या वळलेल्या मुठी सुटल्या आणि तो खाली बसला. बाबल्या खाली बघत पुटपुटला, "तलवार मी काढली नव्हती. पण कोणी काढली ते मला माहीत आहे." इनामदार साहेब काजूंमागून बाहेर येत होते. त्यांच्यासमोरच त्याने नाव सांगितलं. दोन महिने अडलेला तपास त्या एका नावाने पुढे सरकला, आणि बुधवारी चिपळूणजवळ तो माणूस धरला गेला.

सड्यावरच्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, ठाण्याच्या पायरीवर दोघे जण उभे होते. धाकूचे डोळे सुजलेले, शेजारी सलिल.

"काका, सामान ओळखायला आलोय," धाकू म्हणाला. "तलवारी माझ्या."

अंमलदाराला आधी वाटलं, पोरगा थट्टा करतोय. गुन्हा दाखल झाला, जामीनही झाला, आणि दोन्ही टोळ्यांतल्या बाकीच्यांकडून तहसीलदारांपुढे चांगल्या वागणुकीच्या हमीचे जामीनकतबे लिहून घेतले. जबाब चालू असताना सलिल बाकावर बसून राहिला. भुवडांनी चहा दिला तो त्याने डाव्या हाताने घेतला, सफाईने.

"मी लिहिलं होतं, धाकूला कोणीतरी थांबवा," तो हळूच म्हणाला. "सगळ्यांना दिसत होतं. त्याला तेवढं दिसलं नाही. काल रात्री वाचलंन. सकाळपर्यंत बोलत बसलो आम्ही."

भुवडांनी मान डोलवली आणि बिस्किटाचा पुडा पुढे सरकवला.

त्या मे महिन्यात सामने पुन्हा झाले. साहेबांनी बंदोबस्ताच्या यादीत भुवडांचं नाव मुद्दाम घातलं, पण खुर्चीसकट. मांडवात गुणलेखकाच्या शेजारी बसून त्यांनी तिन्ही दिवस सामने बघितले. कुसुमही शेवटच्या दिवशी आली. अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात एका झेलावरून आवाज चढले तेव्हा भुवड नुसते उठून उभे राहिले, आणि अर्ध्या मैदानाने हसत शरण आल्यासारखे हात वर केले. पंचांनी फलंदाजाला झेलबाद दिलं. कुसुमने डब्यातून फणसाचे गरे काढले आणि दोघांनी ते गुणलेखकाबरोबर वाटून खाल्ले.