थोरलीची मागची सीट

हेल्मेट डोक्यावरून पुरतं उतरायच्या आधीच बाई म्हणाल्या, "नाही. ही सीट नाही चालायची."

मोटारसायकल कारखान्याच्या चाचणी विभागाच्या आवारात सात-आठ जण हातात कागद घेऊन उभे होते. गाडी चालवून आलेल्या चालकांनी, म्हणजे सगळ्यांच्या कप्तानांनी, इंजिन बंद केलं आणि हातमोजे काढायला घेतले. दीडशे किलोमीटर झाले की बाईंनी उतरायचं, दहा पावलं चालायचं आणि मग काय ते सांगायचं, हा सव्वीस वर्षांचा शिरस्ता होता. आज बाई चौथ्याच पावलाला थांबल्या होत्या. उजवी मांडी बधिर झाली होती आणि ते त्यांना कुणालाही कळू द्यायचं नव्हतं.

नव्या सीटचा आराखडा करणारा चष्मेवाला इंजिनियर पुढे आला. पोरगा हुशार होता, वागायलाही गोड होता, पण आपल्या सीटला कुणी नावं ठेवली की त्याचे कान लाल व्हायचे. "मावशी, आकडे उत्तम आलेत," तो म्हणाला. "चाचणीच्या पुतळ्याने नऊ हजार किलोमीटर केलेत यावर बसून. एकदाही तक्रार नाही."

"मग सही पण त्याचीच घ्या," बाई म्हणाल्या आणि कोऱ्या कागदाकडे न बघताच आत गेल्या. कप्तान मिशीतल्या मिशीत हसले.

बाईंचा हुद्दा कागदोपत्री भांडार सहायकाचा होता, पण काम मागे बसण्याचं होतं. हे ऐकून लोक हसतात, आणि त्यात त्यांची चूकही नाही. बाईंच्या मुलीला शाळेत विचारलं होतं, आई काय करते? मुलीने सांगितलं, बसते. वर्गशिक्षिकेने समजूतदारपणे मान हलवून पुढच्या मुलाला उभं केलं. सासूबाईंना तर हे प्रकरण अजिबात पटलं नव्हतं. परक्या माणसाच्या मागे बसून हिंडायचं आणि वर त्याचा पगार घ्यायचा, ही कुठली नोकरी, असं त्यांचं म्हणणं. शेवटी बाईंचे यजमान, जे पुस्तकबांधणीचं काम करत, एकदा स्वतः कारखान्यात जाऊन सगळं पाहून आले आणि म्हणाले, हिंडणं कसलं, हमाली आहे ती. तेव्हापासून सासूबाई संध्याकाळी पाय शेकायला पाणी तापवून ठेवू लागल्या.

सुरुवात झाली ती थोरलीच्या पहिल्या अवतारापासून. कारखान्यात त्या गाडीला सगळे थोरलीच म्हणत. पळायलाही हवी आणि लांबचा पल्लाही गाठायला हवी, अशी दोन दगडांवर पाय ठेवलेली गाडी. फार दिवस टिकायची नाही असं सगळे जाणते सांगत होते. चाचणीला मागच्या सीटवर वाळूचं पोतं बांधत. एकदा वळणावर पोतं फुटलं, सगळा रस्ता वाळूने माखला आणि कप्तान हाडं मोडता मोडता वाचले. तेव्हाचे साहेब तडक भांडारात आले आणि साठ किलोच्या आतबाहेरचं कोण आहे म्हणून विचारू लागले. खिळे-नटांच्या खिडकीवर बसणाऱ्या बाई उभ्या राहिल्या. मोठ्या गाडीवर त्या जन्मात बसल्या नव्हत्या.

परत आल्यावर साहेबांनी सहज विचारलं, कसं वाटलं? बाईंनी खरं ते सांगितलं, की डाव्या पोटरीला चटके बसतात. दीड वर्ष चाचण्या चालल्या होत्या, पण वाळूच्या पोत्याला पोटरी नसते. सायलेन्सरचं कवच तीन बोटं खाली गेलं, आणि बाई भांडाराच्या खिडकीवर पुन्हा काही बसल्या नाहीत.

मग अवतारामागून अवतार आले. दुसऱ्यात मागच्या माणसाने धरायचा दांडा आला. तो इतका बारीक केला होता की मोजे घातलेल्या हातात ठरेना, बाईंनी तो दोनदा बदलायला लावला. तिसऱ्यात बटणावर वर-खाली होणारी पुढची काच आली. चालवणारा खूश, पण वर चढलेला वारा नेमका मागच्याच्या हेल्मेटवर थपडा मारायचा. तिथे काचेखाली वाऱ्याला फट ठेवली गेली ती बाईंमुळे. उघडी चेन जाऊन बंद नळीत फिरणारा शाफ्ट आला तेव्हा पँटवरचे तेलाचे डाग गेले. पुढे ब्रेक मारल्यावर चाक घसरेनासं झालं, गाडी आपल्याआप वेग धरून ठेवू लागली, आणि पाचव्या अवतारात दोन माणसं बसली की धक्के सोसायची यंत्रणा बदलणारं बटण आलं. त्या बटणावर दोन हेल्मेटांचं चित्र होतं. त्यातलं मागचं हेल्मेट आपलं, असं बाई मनातल्या मनात धरून चालत, आणि खरं सांगायचं तर ते होतंही त्यांचंच.

एवढ्या वर्षांत कारखान्याच्या किती गाड्या आल्या आणि बंद पडल्या. थोरली तेवढी टिकली. एकदा पेट्रोल पंपावर एक उतारवयाचं जोडपं भेटलं होतं, थोरलीच्या तिसऱ्या अवतारावर लाखभर किलोमीटर फिरलेलं. त्यातल्या बाई सांगत होत्या, पाठ म्हणून कधी दुखली नाही हो. आपल्या बाईंनी आपण कोण ते सांगितलं नाही. नुसतं "असं का?" म्हणाल्या, आणि पुढचे दोन दिवस कारण नसताना सगळ्यांशी गोड वागल्या.

आता सहावा अवतार दाराशी होता आणि बाई वीस दिवसांनी निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांच्यानंतर त्यांची जागा पाणी भरलेला, त्यांच्याच वजनाचा पुतळा घेणार होता. बाईंनी सही केली असती तर गाडी वेळेत बाहेर पडली असती, निरोपाचा समारंभ झाला असता आणि सगळे गोड बोलले असते. नाही म्हटल्यावर सीटचा साचाच नव्याने करावा लागणार होता, म्हणजे चार महिने गेलेच. दुपारपर्यंत एक वाक्य सगळ्या विभागात फिरलं आणि फिरत फिरत बाईंच्याही कानावर आलं. मावशींचं वय झालं, आता कुठलीही सीट टोचणारच.

हे मात्र बाईंच्या जिव्हारी लागलं. कारण त्यांना स्वतःलाच तशी शंका येत होती. इतकी वर्षं त्यांनी या देहाच्या जोरावर भल्याभल्यांना खोटं ठरवलं होतं. आता देहच खोटं बोलू लागला असेल तर? संध्याकाळी मांडी शेकता शेकता त्यांनी यजमानांना विचारलं, माझीच कंबर गेली असेल तर काय करू? यजमान चष्मा पुसत म्हणाले, "तुला काय वाटतं ते सांगायला तुला ठेवलंय. त्यांना काय वाटतं ते त्यांना माहीतच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कप्तानांना जुनी, पाचव्या अवताराची थोरली काढायला सांगितली. तोच रस्ता, तेवढेच किलोमीटर, कागद मात्र नको. कप्तानांनी लगेच किल्ली घेतली. परत आल्यावर बाई उतरल्या, दहा पावलं चालल्या, वीस चालल्या, थेट कॅंटीनच्या दारापर्यंत जाऊन परत आल्या.

"कंबर शाबूत आहे माझी, कप्तान."

"मला कुठे शंका होती?"

"मला होती," बाई म्हणाल्या.

मग त्या पहिल्यांदाच पुतळा बघायला गेल्या. आजवर मानीपणामुळे त्या शेडकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पुतळा नव्या गाडीवर ऐटीत बसला होता. बाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि त्यांना त्याच्या कमरेचा पट्टा दिसला. पट्टा मागच्या दांड्याला आवळून बांधलेला होता. हा कशासाठी, असं तिथल्या कामगाराला विचारलं तर तो अगदी निरागसपणे म्हणाला, "ब्रेक मारला की पुढे घसरतो ना, मावशी. चालवणाऱ्याच्या पाठीवर जाऊन आदळायचा. मग पहिल्याच दिवशी बांधून टाकला."

बाई तशाच मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या. चष्मेवालाही तिथेच होता. त्यांनी दोघांना पट्ट्याची गोष्ट सांगितली. सीट पुढे उतरती झाली आहे, ब्रेक लागला की मागचं माणूस घसरतं, आणि माणूस स्वतःला पट्ट्याने बांधत नाही, मांड्यांनी आवरून धरतं. तीन तासांनी त्या मांड्या उरत नाहीत. "पुतळ्याने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या माणसांनी त्याला गप्प बसवलं."

चष्मेवाल्याचे कान लाल झाले. मोठे साहेब माणूस भले होते. त्यांनी तारीख जाहीर झाल्याचं सांगितलं, साचे तयार असल्याचं सांगितलं, आणि मग चाचरत, अगदी जपून शब्द वापरत, वयाचा मुद्दा काढला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "साहेब, गाडी विकत घेतो पुढचा," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा लांब जायचं की नाही, ते मागचं माणूस ठरवतं. ते एकदा नको म्हणालं की गाडी दारात उभी. थोरली इतकी वर्षं का टिकली असं तुम्ही सभेत विचारता ना, ते यामुळे टिकली." मग त्यांनी विचारलं, "तुमचं वजन किती?"

"चौसष्ट," साहेब गोंधळून म्हणाले.

"मग चालतंय."

साहेबांच्या मापाचं हेल्मेट शोधण्यात अर्धा तास गेला. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा सगळा विभाग खिडक्यांना चिकटला होता. बाई आवारातल्या पायरीवर बसून राहिल्या. साहेब धडधाकट होते, पंधरा वर्षांनी लहान होते. त्यांना काहीच झालं नाही तर सव्वीस वर्षांच्या शब्दावर पाणी पडणार होतं. तीन तासांत त्यांना कुणी चहा विचारला नाही.

गाडी आली. कप्तानांनी पाय टेकले. साहेब लगेच उतरले नाहीत. मग एका हाताने कप्तानांचा खांदा धरून, एक पाय हाताने उचलून पलीकडे घेत ते खाली आले आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी सगळ्यांना सभेच्या खोलीत बोलावलं.

खोलीत लांबलचक टेबल होतं आणि भोवती बारा खुर्च्या. चष्मेवाल्याने लगबगीने साहेबांची खुर्ची मागे ओढली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि नको म्हणून हात हलवला. ते टेबलावर दोन्ही तळवे टेकून उभेच राहिले. साहेब उभे म्हटल्यावर बाकीच्यांना बसता येईना. सगळे इंजिनियर वह्या छातीशी धरून भिंतीलगत ताटकळत राहिले.

"सीट नव्याने करायची," साहेब म्हणाले. "बाई सांगतील तशी. बाई, तुम्ही बसा."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली, पाठ टेकून नीट बसल्या, आणि उभ्या असलेल्या सगळ्यांना पहिल्या वळणापासून सांगायला सुरुवात केली.