नव्व्याण्णव मणी आणि एक नट

मी एक जुनी मण्यांची चौकट आहे. भिलाईतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत, दुसरीच्या वर्गात माझं घर आहे. मला दहा तारा आहेत आणि प्रत्येक तारेवर दहा मणी. पण थांबा मित्रांनो, घाईनं हिशेब करू नका. माझ्याकडे मणी नव्व्याण्णवच आहेत. शंभराव्या जागी बसलाय एक लोखंडी नट.

मला शालिकरामांनी घडवलं. ते भंडाऱ्याकडचे, भिलाईच्या कारखान्यात रुळांच्या खात्यात कामाला. त्यांचा प्रवीण तेव्हा दुसरीत होता. विद्याधर गुरुजी सहज म्हणाले, "पोरांना मोजायला हातात काहीतरी हवं हो." तेवढं बोलणं शालिकरामांना पुरलं. मोडक्या खाटेच्या पाट्यांची त्यांनी चौकट केली. सायकलच्या जुन्या स्पोकच्या तारा केल्या. आणि मणी? गावाकडे ट्रॅक्टर आला, गोठा रिकामा झाला, तेव्हा त्यांच्या बायकोनं, सिंधुताईंनी, बैलांच्या गळ्यातल्या पोळ्याच्या दोन माळा लुगड्यात गुंडाळून इकडे आणल्या होत्या. तेच हे लाकडी मणी. लाल, पिवळे, हिरवे. त्यांच्या अंगाला अजून बैलांच्या मानेची ऊब होती.

दोघं नवराबायको अंगणात बसून मणी ओवत होते. सिंधुताई गुणगुणत होत्या,

*सरक मण्या, सरक रे,*
*दहावर जरा थबक रे,*
*दहाच्या दहा ओळी झाल्या,*
*घरी लक्ष्मी परत रे.*

शेवटच्या तारेवर मात्र गाणं अडलं.

"अवो, एक कमी हाय," सिंधुताई म्हणाल्या.

"नीट मोज ना."

"तीनदा मोजून राहिली मी. मीच खाल्ला का एक मणी?"

"तुयं काही सांगता येत नाही बाप्पा," असं म्हणून शालिकराम उठले, आपल्या जुन्या सायकलचा एक नट काढून आणला, त्याला लाल रंग दिला आणि तारेत ओवला. "घे. एकापायी माही चौकट अडून राहील का?"

अशी मी शाळेत आले. पोरांनी मला काय डोक्यावर घेतलं म्हणून सांगू! गिनती हिंदीत चालायची. मणी सरकताना टक टक वाजायचे आणि अगदी शेवटी नट 'टण्' करून वाजायचा. त्या एका टण्‌साठी रोज भांडणं. गुरुजी पाळी लावून द्यायचे. आणि पोरं खुशीत एका सुरात ओरडायची, "अट्ठानवे, निन्यानवे, नट!"

गुरुजी हसायचे, पण सोडायचे नाहीत. "नट म्हणजे किती?" ते विचारायचे. "सौ!" असा आवाज छताला लागायचा. सौ म्हणजे आपलं शंभर. मग तास संपायचा.

वर्षं गेली. माझा रंग उडाला, नटाचाही उडाला. गुरुजी निवृत्त झाले आणि जाताना त्यांचा तो रोजचा प्रश्न त्यांच्यासोबतच गेला. पोरांच्या तोंडी उरलं ते फक्त "निन्यानवे, नट!" मोठी पोरं लहानांना तसंच शिकवत गेली. मला हे कळत होतं, मित्रांनो. पण मला मणी आहेत, जीभ नाही.

यंदा प्रवीणची मुलगी हर्षा दुसरीत आली. घरी आबाजींशी, म्हणजे शालिकरामांशी, मराठी बोलणारी, वर्गात तोंड न उघडणारी पोर. पण माझ्यापाशी आली की तिची बोटं बोलायची. हळूहळू तिचा आवाजही फुटला. एके दिवशी तपासणीचे साहेब आले. वैभवी मॅडमनी विचारलं, "गिनती कोण म्हणणार?" आणि पहिल्यांदाच हर्षाचा हात वर गेला.

ती एकटी उभी राहिली. एकापासून निघाली. कुठं अडखळली नाही, कुठं एक मणी चुकला नाही. सत्तर गेले, ऐंशी गेले. शेवटी मोठ्या ऐटीत तिनं नट सरकवला.

"निन्यानवे, नट!"

साहेब खो खो हसले. "अरे वा, बिटिया को सौ ही नहीं आता!" मग वर्ग हसला. रोज स्वतः तेच म्हणणारी सगळी पोरं हसली. समीर तर बाकावर हात आपटून हसला. त्या दिवसापासून तो तिला "ए नट!" अशीच हाक मारू लागला.

मॅडम दुर्गच्या. या शाळेत नव्यानंच आलेल्या. त्यांना शरम वाटली. "ही चौकटच पोरांना चुकीचं शिकवते," असं म्हणत त्यांनी मला कपाटाच्या माथ्यावर, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे ठेवून दिलं. धूळ बसली. कोळ्यानं माझ्या कोपऱ्यात जाळं विणलं. त्याचं मला दुःख नव्हतं. दुःख होतं ते हर्षाचं. तिचा हात पुन्हा वर गेला नाही. हजेरीलाही ती नुसती मान हलवायची.

पण वरून मला एक दिसायचं, जे खाली कुणाला दिसत नव्हतं. मधल्या सुट्टीत सगळे बाहेर पळाले की हर्षा कोपऱ्यात बसून फरशीवर चिंचोके मांडायची. दहाची एक ओळ. मग दुसरी. ओठ हलायचे, आवाज नसायचा. रोज. एकही दिवस तिनं चुकवला नाही. मीही मनाशी ठरवलं, ही पोर हरत नाही तोवर आपण एकही तार ढिली पडू द्यायची नाही.

एका शनिवारी दप्तराविना शाळा होती. शालिकराम नातीला सोडायला आले. आता ते पार म्हातारे झालेले. दारातच समीरची हाक त्यांच्या कानावर पडली, "ए नट, हट ना!" सगळा प्रकार त्यांना आधीच घरी कळला असावा, कारण ते तडक मॅडमपुढे जाऊन उभे राहिले.

"मॅडम, चूक माही हाय. नट म्याच बसवला होता." त्यांनी खिशातून एक नवा लाकडी मणी काढला. गुळगुळीत, लालभडक. "घरी घासून आणला. चौकट द्या, बदलून देतो."

"अहो काका, तुम्ही कशाला..." मॅडम गडबडल्या. पण त्यांनी मला खाली काढलं, पदरानं पुसलं. शालिकरामांनी पाना काढला. त्यांचे हात माझ्या शेवटच्या तारेवर आले.

"नोको, आबाजी!"

वर्ग चमकला. हा आवाज कितीतरी दिवसांनी ऐकू आला होता.

"कावून वं माय? का नोको?"

"नटाचं काही चुकलं नाही. सौ म्हणायचं माह्याच्यानं राहून गेलं." हर्षानं आजोबांच्या हातातला मणी घेतला, मुठीत धरला आणि मॅडमकडे वळली. "मैं फिर से गिनूँ?"

मॅडमनी मला टेबलावर उभं केलं. हर्षानं सुरुवात केली. तीच पोर, तोच वर्ग. मणी टक टक सरकत होते. नव्वद आले. नव्व्याण्णव झाले. समीरच्या ओठांवर 'न' येऊन बसलेला मी पाहिला. हर्षानं नटावर बोट ठेवलं, दमानं सरकवला. टण्.

"सौ."

कुणी हसलं नाही. पण ती थांबलीही नाही. मुठीतला लाल मणी तिनं माझ्याशेजारी टेबलावर ठेवला. "ये एक सौ," ती म्हणाली. मग दोन्ही तळव्यांनी माझे सगळे मणी परत लोटले आणि पहिला मणी पुन्हा सरकवला. "एक सौ एक."

मित्रांनो, इतकी वर्षं मी शंभरावर संपत होते. त्या दिवशी मला कळलं की मी संपत नाही, मी पुन्हा सुरू होते.

दुसऱ्यांदा टण् झालं. "दो सौ." आता शेजारी ठेवायला दुसरा मणी कुठून आणायचा? हर्षा इकडे तिकडे पाहू लागली. तेवढ्यात समीर उठला, खिशातून एक चिंचोका काढला आणि गुपचूप लाल मण्याशेजारी ठेवून जागेवर जाऊन बसला.

"गिन ना, हर्षा," तो खाली मान घालून म्हणाला.

तीनशे झाले तेव्हा सुट्टीची घंटा झाली. एकही पोर उठलं नाही. मॅडम वर्गाकडे वळल्या आणि त्यांनी हिंदीत विचारलं, "बताओ, नट मतलब कितना?" उत्तर छताला लागलं. मग हलकेच त्या शालिकरामांना म्हणाल्या, "काका, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

मी आता खिडकीशेजारी असते. कपाटावर नाही. लाल मणी माझ्या चौकटीला दोऱ्यानं बांधलेला आहे. नट पोरांच्या बोटांनी घासून चकचकीत झालाय.

तुमच्या वर्गातही एखादं मूल उभं राहून चुकेल. तेव्हा हसण्याआधी एवढंच करा, मित्रांनो. त्याच्या शेजारी जा, आणि खिशात चिंचोका असेल तर त्याच्यापुढे ठेवा. पुढचं ते स्वतः मोजेल.