हरळीवरचं जेट

"आणखी एक ईट ठिव," बन्सीधर म्हणाला.

त्याच्या बायकोने, धुरपताबाईने, गाड्यावर वीट ठेवली. गाडा कसला, हातभर रुंद फळी आणि तिला तीन चाकं. पुढं एक, मागं दोन. विटांसह त्याचं वजन चौदा किलो भरलं होतं. टाकी भरलेलं, रिमोटवर उडणारं मॉडेल जेट साधारण तेवढंच असतं.

बन्सीधरने दोरी खांद्यावर घेतली आणि हरळीवरून पळत सुटला. वीस पावलं झाली नसतील, तोच पुढचं चाक गवतात रुतलं आणि फळी तोंडावर आपटली. विटा विखुरल्या.

"या वयात पडून हातपाय मोडून घ्या आता," धुरपताबाई म्हणाली आणि विटा गोळा करू लागली.

त्याने चाकं बदलली. पहिल्यापेक्षा दुपटीने मोठी, फुगीर टायरची चाकं बसवली आणि पुन्हा पळाला. या खेपेला गाडा न अडखळता पार टोकापर्यंत गेला.

बन्सीधरची अठ्ठावीस वर्षं हवाई दलात गेली होती. लढाऊ विमानांची चाकं, ती धरणारे पाय आणि ब्रेक हे त्याचं काम. पेन्शनवर पेडगावला परतल्यावर त्याने विहिरीखालच्या तुकड्यात हरळी लावून दोनशे पावलांची धावपट्टी केली. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून आठवड्याला पाणी द्यायचं, रूळ फिरवायचा. सुरुवातीला गाव हसलं. पुढं तेच गाव रविवारी बांधावर येऊन बसू लागलं.

त्या धावपट्टीवर आजवर पंख्याचीच विमानं उडाली होती. परभणीचे दाताचे डॉक्टर परमेश्वर सहा वर्षांपूर्वी पिशवीत मोडकं विमान घेऊन आले, ते दर रविवारी येतच राहिले. उडवायला ते इथंच शिकले. आता त्यांना टर्बाइनचं जेट घ्यायचं होतं, खऱ्यासारखं रॉकेलवर चालणारं. कोणतं घ्यायचं ते बन्सीधरकाकांनी ठरवायचं, असं त्यांचंच म्हणणं होतं.

गाडी येऊन थांबली. डॉक्टर उतरले तेच मोबाइल पुढं करत.

"काका, ठरलं माझं. बघा."

पडद्यावर चंदेरी मिग होतं. बन्सीधरने ज्याच्या पोटाखाली उमर काढली तेच. टोकदार नाक, मागं ओढलेले इवलेसे पंख.

"तुमच्या स्क्वाड्रनचा नंबर टाकून देतात म्हणे," डॉक्टर म्हणाले. "आन् पहिलं उड्डाण तुमी करायचं. मी नुसता बघणार."

बन्सीधर बराच वेळ चित्राकडं पाहत राहिला. त्या विमानाच्या पायाचा बोल्ट न् बोल्ट त्याला ठाऊक होता. ते उडवणारे मात्र कायम दुसरे असत. त्याचा हात आपोआप पडद्याकडं गेला, मग मागं आला.

"लय देखणं हाय," तो म्हणाला. "पण हे न्हाई."

"का?"

"याचे पाय बारीक, चाकं लहान. सिमेंटवर पळंल, हरळीत रुतंल. हवा ओढायचं तोंड थेट नाकात. नाक टेकलं की गवताच्या काड्या इंजिनात गेल्याच म्हणून समजा. पंख बारके, म्हणून उतरताना वेग लय लागतो."

"मग पट्टीवर सिमेंट टाकू. मी टाकून देतो."

"डॉक्टरसाहेब, सिमेंट टाकल्यावर त्याला रान म्हणायचं का?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "काका, तुमच्यासाठी बघितलं होतं मी हे."

"ते कळलं मला."

डॉक्टरांनी मोबाइल खिशात टाकला. "क्लिनिकला जायचंय," म्हणाले आणि निघाले. रविवारी क्लिनिक बंद असतं हे दोघांनाही माहीत होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा ते चहा न घेता गेले.

दोन कप घेऊन आलेली धुरपताबाई गाडीच्या धुळीकडं पाहत राहिली. बन्सीधर बांधावर बसला. त्याला राजस्थानातला तळ आठवला. एका विमानाच्या पायाला त्याला केसाएवढी चीर दिसली होती आणि त्याने उड्डाणाच्या परवानगीच्या कागदावर सही केली नव्हती. साहेब सगळ्यांदेखत ओरडला. विमान जमिनीवरच राहिलं, पाय बदलला गेला, विषय संपला. शाबासकी कोणी दिली नाही. विमान पडलंच नव्हतं, तर शाबासकी कशाची?

"डोळ्याचं सांगितलं का त्यांला?" धुरपताबाईने विचारलं.

"चाकाचं सांगितलं. तेबी खरंच हाय."

"मी डोळ्याचं इचारायलेय."

दिवाळीच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण कडा विझत चालल्या होत्या. थेंब घालायचे, उरलं तेवढं सांभाळायचं. गेलेलं परत येत नाही. मागच्याच महिन्यात त्याचं पिवळं विमान बाभळीपाशी नजरेतून निसटलं होतं. नुसत्या आवाजावर त्याने ते वळवून आणलं. शेजारी उभ्या डॉक्टर परमेश्वरांना पत्ताही लागला नाही. पण पंख्याचं विमान थांबून वाट बघतं. जेट तीन मोजेपर्यंत ठिपका होतं.

"माणूस रुसून गेला," धुरपताबाई म्हणाली. "उद्या जावा. समदं सांगा."

सोमवारी बन्सीधर जीपने परभणीला गेला. क्लिनिकच्या बाकावर तीन पेशंटांच्या मागं नंबर लावून बसला. नंबर आल्यावर तो आत गेला, तेव्हा त्याला पाहून डॉक्टर चपापले.

"काका? दात दुखायलाय का?"

"दाताला काय झालं न्हाई." त्याने खिशातून घडी केलेलं चित्र काढलं. दुसरंच जेट होतं, बसकं, रुंद पंखांचं, वरून भगवं आणि पोटाला काळं. "हे घ्या. चाकं मोठी हायेत. पाय मागं लवतो, खड्डा लागला तरी धक्का गिळतो. हवेचं तोंड पंखाच्या वर हाय, गवत ओढणार न्हाई. हळू उतरतं. पोट काळं, पाठ भगवी, म्हंजे सुलटं का उलटं ते वर बी कळतं."

"बरं," डॉक्टर थंडपणे म्हणाले. "तुमी म्हणता तर घेऊ."

"आजून हाय. हे मी तुमच्या हाताच्या अंदाजानं निवडलंय, माझ्या न्हाई. माझ्यानं जेट उडवणं व्हणार न्हाई आता." आणि त्याने डोळ्यांचं सगळं सांगितलं. बाभळीपाशी विमान निसटलेलंही सांगितलं.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. ते ट्रेमधल्या अवजारांशेजारी ठेवले.

"आन् मी तुमाला मिग दाखवत बसलो."

"तुमाला काय म्हाईत? मीच दडवलं."

"मी उडवतो," डॉक्टर म्हणाले. "पण तुमी शेजारी पायजेत."

"हाय की. कुठं जातो मी?"

माघात जेट आलं. पहिल्या उड्डाणाच्या सकाळी धुरपताबाईने हरळी बोटाच्या पेराएवढी कापून ठेवली होती. रॉकेलचा वास पसरला, टर्बाइन आधी कुजबुजल्यासारखं आणि मग शीळ घातल्यासारखं वाजू लागलं. बांधावरच्या शेळ्या पळाल्या. माणसं मात्र जागची हलली नाहीत.

"सोडा," बन्सीधर डॉक्टरांच्या खांद्याशी उभं राहून म्हणाला. "घाई करू नका. गवत जरा धरून ठिवतं. पळू द्या. आता उचला नाक."

जेट उचललं गेलं. बन्सीधरला ते उजवीकडं जाताना दिसलं आणि मग दिसेनासं झालं. मान वळवून शोधायचा प्रयत्न त्याने केला नाही. तो ऐकत राहिला. आवाज लांबला, पातळ झाला. "वळवा," तो म्हणाला, आणि आवाज परत भरत आला. असे सहा फेरे झाले.

"आता उतरवा. इंजिन उशिरा ऐकतं, त्याला आदीच सांगावं लागतं. कमी करा. आजून. बास."

बन्सीधरने नजर धावपट्टीच्या सुरुवातीला लावून ठेवली. तिथलं हरळीचं पान न् पान त्याला दिसत होतं. त्या चौकटीत भगवं जेट आलं, टेकलं, एकदा हलकंसं उसळलं आणि गवत दाबत पुढं पळून थांबलं. बांधावर टाळ्या पडल्या. डॉक्टरांचे हात अजून रिमोटवर घट्ट होते आणि कपाळावर घाम होता.

"टेकलं का नीट?" धुरपताबाईने लांबून विचारलं.

"टेकलं," बन्सीधर म्हणाला. मग डॉक्टरांकडं वळून हळूच म्हणाला, "डावं चाक आदी टेकलं. पुढच्या खेपी दोन्ही संगं टेकवा."

डॉक्टरांनी मान डोलावली. मग दोघं जेटपाशी गेले आणि इंजिन थंड होण्याची वाट पाहत हरळीत उभे राहिले.