बर्फवाल्या ओरेस्टचा कमरपट्टा

मी एक जुना कमरपट्टा आहे. माझा रंग उडालाय, पट्टी धड चिकटत नाही आणि घामाचा वास काही केल्या जात नाही. पण मित्रांनो, एका माणसाची पाठ मी नऊ वर्षं सांभाळली. त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं असं एक गुपित मला ठाऊक होतं. तेच आज सांगायचंय.

ओरेस्ट हाव्रिलुक त्याचं नाव. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या आमच्या गावच्या कर्लिंग क्लबात तो बर्फ तयार करायचा. या खेळात बर्फावरून जड दगड सरकवतात. नुसतं पाणी गोठवून तिथं भागत नाही. पाठीवर पाण्याची टाकी घ्यायची आणि थेंब शिंपडत उलट्या पावलांनी मागं मागं जायचं. ते थेंब गोठले, की दगड त्यांच्यावरून नीट पळतो. ओरेस्टनं तीस वर्षं हेच केलं. त्याच्या बर्फावर खेळायला लांबलांबून संघ यायचे. त्या टाकीनंच त्याच्या मणक्यातल्या दोन चकत्या झिजल्या आणि मी त्याच्या घरी आलो.

इथले डॉक्टर म्हणाले, मणके जोडून टाकू. ओरेस्ट ऐकेना. पाठ वाकलीच नाही, तर टाकी कशी उचलायची? नव्या चकत्या बसवणारे सर्जन परदेशात होते. मग त्याची बायको मर्ना कामाला लागली. शाळेची बस चालवणारी बाई ती, गोड बोलण्याला भुलणारी नव्हे. तिनं फ्रिजवर तिघांची नावं लावली आणि तिघांनाही तेच विचारलं. अशी ऑपरेशनं तुम्ही स्वतः किती केलीत? नंतर काही बिघडलं तर फोन कोण उचलणार? आणि ज्याचं बिघडलं, अशा एखाद्या पेशंटशी बोलू द्याल का?

दोघांनी गुळगुळीत कागदाच्या पुस्तिका पाठवल्या. जर्मनीतल्या डॉक्टर लिंडहोर्स्टनी मात्र अशा एका पेशंटला विचारून त्याचा नंबर दिला.

"हाच!" मर्ना म्हणाली. "जो आपलं अपयश लपवत नाही, तो आपल्याला फसवणार नाही."

निवड अगदी बरोबर होती हो. फसवलं ते आम्ही.

नोव्हेंबरात कॉम्प्युटरवर भेट ठरली. डॉक्टरांनी विचारलं, "पायातला जोर कमी झालाय का? चालताना पाऊल घासतं का?"

आमच्या गावची माणसं कशी, ते सांगतो. बाहेर उणे तीस असलं तरी ती "जरा गार आहे" म्हणतात. बोट तुटलं तरी "काही नाही, खरचटलंय" म्हणतील. आपलं दुखणं सांगून दुसऱ्याला त्रास देणं त्यांना असभ्य वाटतं.

"तसं विशेष काही नाही," ओरेस्ट म्हणाला. "चाललंय."

अरे, काय चाललंय, कपाळ! ऑक्टोबरपासून त्याचा डावा पाय बर्फावर घासत होता. दोनदा पडला, तेव्हा तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, टाचांवर उभे राहून दाखवा. त्यानं खुर्चीची पाठ धरली आणि उजवा पाय तेवढा कॅमेऱ्यापुढं केला. मी कमरेला आवळून बसलो होतो. चीड आली, पण करणार काय?

"मग घाई नको," डॉक्टर म्हणाले. "विनाकारण मी कुणाला कापत नाही. मार्चमध्ये बघू. पाय जरा जरी कमजोर पडला, तर त्याच दिवशी फोन करा."

"बघ, किती सरळ माणूस आहे!" मर्ना खूश झाली. संध्याकाळी तिनं बटाट्याचं सारण भरून पिरोगी केल्या.

फेब्रुवारीत पाऊल लुळं पडलं. दोघं धावतपळत जर्मनीला गेले.

"हे कधी सुरू झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"ऑक्टोबरात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मी तुम्हाला नोव्हेंबरात विचारलं होतं."

"तुमच्याकडं माझ्याहून वाईट अवस्थेतली माणसं येत असतील. म्हटलं, कुरकुर कशाला."

ओरेस्टला ऑपरेशनला नेल्यावर मर्ना मला छातीशी धरून बसली. "मलासुद्धा सांगितलं नाहीस रे," एवढंच म्हणत राहिली. तिचे अश्रू माझ्यात जिरले.

ऑपरेशन उत्तम झालं. पाठ दुखायची थांबली. पण पायाची नस फार दिवस दबून राहिली होती; पाऊल उठलं नाही, आता उठणारही नाही. उलट्या पावलांनी बर्फावर चालणं कायमचं संपलं.

आता मी क्लबात, टाकीशेजारच्या खिळ्याला लटकतो. ओरेस्ट काठी घेऊन येतो आणि काचेआडून दुसऱ्यानं केलेला बर्फ बघत बसतो. परवा त्याचा जुना जोडीदार वॉल्ट कॉफी घेऊन आला.

"काय ओरेस्ट, बरं ना?"

"बरं नाही, वॉल्ट. पाय गेला माझा. फार वाईट वाटतं."

वॉल्ट शेजारी टेकला. मग हळूच म्हणाला, "माझा हात महिन्याभरापासून बधिर आहे. घरी बोललो नाही."

"मग बसलायस काय? ऊठ! घरी जा आणि आधी सांग."

कॉफी तशीच ठेवून वॉल्ट गेला.

मित्रांनो, मला उद्या कचऱ्यात टाकलंत तरी चालेल. पण कुठं दुखतंय असं कुणी आपुलकीनं विचारलं, तर खरं सांगा. मला सगळं ठाऊक होतं, पण तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.